लिमये बाईंचं पिवळं विमान

‘ओंगळ’ हा शब्द पुण्यात अजून टिकून आहे तो आमच्या लिमये बाईंमुळे, असं मला पुष्कळ वर्षं वाटत असे. साध्यासुध्या गोष्टींवर त्या तो खर्च करत नसत. चहावर साय आली, कुणी बोटाला थुंकी लावून वहीचं पान उलटलं, तर नुसती ‘शी’. त्याच्या वरची पायरी म्हणजे डोळे मिटून नाकाशी रुमाल. आणि अगदीच सहन होईनासं झालं की सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, ‘ओं-ग-ळ’. ज्याच्याबद्दल तो शब्द निघे तो मनुष्य त्या दिवशी जेवत नसावा.

शाळेत मी चित्रकलेची बाई म्हणून नवीन लागले तेव्हा त्या गणित आणि भूमिती शिकवत होत्या. उंच, काटक, इस्त्रीची सुती साडी. शिक्षकखोलीतल्या कपातला चहा त्या पीत नसत. पर्समध्ये नॅपकिनमध्ये गुंडाळलेला स्वतःचा कप असे. बसमध्ये दांडा धरायचा तर त्याला आधी रुमाल गुंडाळायचा. माझी त्यांच्याशी पहिली ओळख झाली ती माझ्या हातांमुळे. नखांत हिरवा रंग होता. त्यांनी तो लांबून पाहिला.

“हे निघतं का?”

“रॉकेलनं निघतं, बाई.”

“मग काढा.”

एवढं बोलून त्या वर्गावर गेल्या. मला रडू आलं होतं. खरं सांगायचं तर माणूस म्हणून लिमये बाई सहन करायला अवघड होत्या. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर पाण्याच्या भांड्याचा तळ बघणाऱ्या माणसाशी मैत्री कशी करायची? माझी झाली, आणि ती एका विमानामुळे झाली.

बाई वर्गात फळ्यापाशी कधी उभ्या राहत नसत. मुलगी फळ्यावर, बाकीच्या बाकांवर, आणि बाई सगळ्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून. तिथून आवाज यायचा, “पुढे. पुढे काय? कोन कुठला धरलास?” एकदा शिक्षणखात्याचे एक साहेब तपासणीला आले, त्यांना वर्ग दाखवायला मी बरोबर होते. त्यांना हे प्रकरण चमत्कारिक वाटलं.

“बाई, आपण मागे का उभ्या?”

“पुढून तोंडं दिसतात. तोंडावर सगळ्याच मुलींना सगळं येत असतं.”

“आणि मागून?”

“खांदे दिसतात. चूक व्हायला लागली की खांदे वर जातात.”

साहेब काहीतरी लिहायला लागले, तेवढ्यात बाईंनी खडूचं बोट वर केलं. सगळा वर्ग गप्प. मग आम्हालाही ऐकू आलं. जाड मांजरपाट टराटरा फाडावा तसा आवाज, लोहगावच्या बाजूनं येणारा. वर्ग एका सुरात म्हणाला, “हार्वर्ड!” कोपऱ्यातली एक नवीन मुलगी तेवढी “विमान!” म्हणाली. बाई तिला म्हणाल्या, “विमान! आणि तू कोण? प्राणी?” मग साहेबांकडे वळून, जणू पाढ्यांची परीक्षा चालली आहे अशा थाटात, “हार्वर्ड. शिकाऊ वैमानिकांचं. आता त्रिकोण बघायचे का आपल्याला?”

आभाळातल्या प्रत्येक विमानाबद्दल त्यांचं मत असे, आणि ते बहुधा वाईट असे. जेट विमानं भांडकुदळ. प्रवासी विमानं म्हणजे एस्टी. एचटी-टू नावाचं छोटं शिकाऊ विमान त्यांना चालायचं, पण तेही ‘गुणी आहे, फार बोलत नाही’ इतपतच. जीव होता तो हार्वर्डवर. आवाजावरून, सावलीवरून, पंखाच्या कडेवरून त्या ते ओळखत. आणि नंतर नंतर ती विमानं दिसेनाशी झाली, तशा त्या कुढायला लागल्या.

एका सहशिक्षिकेच्या लग्नाला आम्ही पुण्याजवळच्या मांजरी गावाला गेलो होतो. चारी बाजूंनी ऊस, मध्ये मांडव, पंगत बसलेली. जिलबी वाढून झाली होती. आणि बाई पानावरून उठल्या. उष्ट्या हातानं, मांडवाबाहेर, उसाच्या बांधावर. पानावरून उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारण्यासारखं. नवरीचे मामा धावत मागे गेले.

“अहो बाई, काय चुकलं का आमचं? भरल्या पानावरनं कुनी उठतंय व्हय?”

“तुमचं पान इथंच राहणार आहे. ते निघून जाईल.”

उसाच्या शेंड्यांवरून एक पिवळं विमान बरंच खालून चाललं होतं. मामांनीही मान वर केली. “हां, ते पिवळं हाय व्हय! आवं, त्याच्या पायी आमच्या म्हशी उधळत्यात. पूर्वी लई यायची. आता एखादंच येतंय.” विमान लोहगावकडे दिसेनासं होईपर्यंत बाई उभ्या होत्या. हाताला जिलबीचा पाक लागलेला, त्यावर माश्या बसलेल्या. मला आठवतं, कारण त्यांनी त्या हाकलल्या नव्हत्या.

परतीच्या बसमध्ये दांड्याला रुमाल गुंडाळून त्यांनी मला सांगितलं. त्यांचे वडील लोहगावच्या विमानतळावर लष्करी भांडारात कारकून होते. आईवेगळी मुलगी. सुट्टीत वडिलांचा डबा घेऊन जायची. एकदा एका अधिकाऱ्यानं तिला उभ्या असलेल्या हार्वर्डपाशी नेलं. एकामागे एक अशा दोन सीटा. तो म्हणाला, पुढे शिकणारा बसतो, मागे शिकवणारा. तुला कुठं बसायचंय? ती म्हणाली, मागे.

“का हो?” मी विचारलं.

“पुढच्यानं गडबड केली तर मागच्याला सावरता येतं. दोन्ही ठिकाणी चालवायचा दांडा असतो. मागचा दिसत नाही, एवढंच.” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “आणि पिवळा रंग कशासाठी, माहीत आहे? लांबून दिसावं म्हणून. शिकतोय, जपून जा, त्याला जागा द्या. त्या विमानाचं काम शिकवण्याचं, मोघे. मारण्याचं नाही.”

मग मला त्या मागच्या भिंतीचा उलगडा झाला.

निवृत्तीच्या समारंभात त्यांनी शाल घेतली नाही, लोकरीनं खाजतं म्हणाल्या. भाषण चार वाक्यांचं केलं. “विद्यार्थी तयार झाला की एकटा उडतो. तेव्हा मागची सीट रिकामी असते. ती रिकामी झाली की शिक्षकाचं काम झालं. माझं झालं.” मग त्या कोथरूडच्या एका सोसायटीत दोन खोल्यांत राहायला गेल्या. लग्न केलं नव्हतं. जिन्यात पान थुंकणाऱ्यांशी भांडत, गच्चीत उभं राहून रिकाम्या आभाळाकडे बघत त्यांची वर्षं गेली. मीही पुढे निवृत्त झाले. एक दिवस त्यांचा फोन आला. “मोघे, मोकळ्या आहात? वारज्याला जायचंय. हार्वर्ड आहे.”

कुठल्याशा संस्थेच्या आवारात वर्षानुवर्षं पडून असलेलं एक हार्वर्ड कुणीतरी वारज्याकडच्या एका बागेत आणून बुटक्या चौथऱ्यावर बसवलं होतं. रंग उडालेला होता, पण पिवळा. बाईंनी त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि शेपटीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, वर्गात राहत तशा. मी इतक्या वर्षांत त्यांना हसताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं, आणि फार वेळ बघायला मिळालं नाही, कारण मग त्यांचं लक्ष बाकीच्या गोष्टींकडे गेलं.

त्या विमानाचं आपल्या लोकांनी काय केलं होतं ते लिहितानाही मला किळस येते. चाकांवर पानाच्या पिचकाऱ्या, वाळलेल्या आणि ताज्या. चाक मिटून आत जायची पंखातली खोबण शेंगदाण्याच्या पुड्यांनी भरलेली, त्यात एक सुटी चप्पल. अंगावर खिळ्यानं कोरलेली नावं, बाणासकट. बागेत मुतारी नव्हती असं नाही, पण ती लांब होती आणि पंख जवळ होता. आणि समोर पाटी, ‘लढाऊ विमान’.

बाईंनी तो शब्द उच्चारला. मग थेट बागेच्या कचेरीत. तिथल्या माणसानं समोरच्या वर्तमानपत्रातून मान वर न करता सांगितलं, “आजी, लढाऊ काय आन् साधं काय, उडतंय का ते?”

तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला. त्या पाटीवर ‘शिक्षक विमान’ असं लिहिलं जावं आणि विमान पिवळं राहावं. एवढंच. त्यासाठी त्या आठवड्यातून एकदा, दांड्याला रुमाल गुंडाळून, वारज्याला जात. मला वाटे, म्हातारपणी माणसाला काहीतरी छंद असलेला बरा. पण छंद नव्हता तो. सगळं आयुष्य वर्गाच्या मागे उभं राहून घालवलेल्या बाईला, आपण जे केलं त्याला या जगात एक नाव आहे, एक रंग आहे, हे कुठंतरी उभं असलेलं हवं होतं.

आणि विमान होतं आमच्या लोकांच्या ताब्यात. दसऱ्याला तिथल्या मंडळानं शस्त्रपूजा केली. विमान लढाऊ, म्हणजे शस्त्रच. नाकावरच्या पंख्याच्या मधोमध, लोखंडी तुंब्यावर, नारळ फोडला. झेंडूचा हार घातला, तो तिथंच सडला. कुंकवाचे ओघळ खालपर्यंत, त्यावर मुंग्या. बाई म्हणाल्या, “पूजा करून घाण करायची, ही आपली विद्या. यात आपला हात कुणी धरणार नाही.” शेपटीवरचं सुकाणू कापडी असतं, ते फाटलं होतं. त्यावर कुणीतरी हौसेनं, मापात कापून, वाढदिवसाचा फ्लेक्स ताणून बसवला. कुठल्याशा अण्णांचा गॉगल घातलेला चेहरा. वारा आला की सुकाणू हलायचं आणि अण्णा नाही-नाही म्हणायचे. मला हसू आलं. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की ते लगेच गेलं.

जानेवारीत कळस झाला. आम्ही गेलो तर विमान हिरवं. करडे-हिरवे पट्टे, ऑइलपेंट, ब्रशाचे ओघळ तसेच. आणि दोन्ही पंखांखाली, नळाच्या कामाचे प्लॅस्टिकचे जाड पाइप, टोकाला पत्र्याचे लाल शंकू लावलेले. क्षेपणास्त्रं. मंडळाचा अध्यक्ष स्वतः देखरेख करत होता. तरुण, गळ्यात साखळी, सगळे त्याला बंटीशेठ म्हणत. उद्धट नव्हता, हे मुद्दाम सांगते. खुर्ची मागवली बाईंसाठी. बाई बसल्या नाहीत.

“हे पिवळं होतं,” बाई म्हणाल्या.

“हो ना आजी! स्कूलबस वाटायची. लोक हसायचे. आता बघा, एकदम फायटर लुक! सव्वीस तारखेला उद्घाटन!”

“हे फायटर नाही. शिकवायचं विमान आहे. यानं कधी कुणाला मारलेलं नाही.”

“म्हणून तर मिसाइल लावली ना आजी!” तो मनापासून म्हणाला. “पब्लिकला नुसतं शिकवणारं कोण बघतंय? सेल्फी पाहिजे.”

बाईंनी रुमाल नाकाशी नेला. मला वाटलं, आता तो शब्द येणार. आला नाही. बाई त्या पाइपांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला उद्घाटनाला बोलायला मिळेल?”

बंटीशेठ खूश झाला. “अहो, तुमचा सत्कारच ठेवतो! ज्येष्ठ विमानप्रेमी!”

सव्वीस जानेवारीला बागेत मांडव. सफारीतले पुढारी, भिंतीसारखे रचलेले स्पीकर. बाईंना शाल पांघरली, लोकरीची, आणि हातात नारळ दिला. त्यांनी तो खुर्चीखाली ठेवला आणि माइक हातात घेतला. तोही रुमालातून. त्या काय बोलल्या ते मला शब्दशः आठवतं, कारण ऐकणारी मी एकटीच होते.

“हे विमान शिक्षक आहे. पिवळा रंग हा त्याचा गणवेश होता. शिकणाऱ्याला जपा, एवढंच तो सांगत होता. तुम्ही त्याचा गणवेश उतरवलात आणि त्याच्या हातात खोटी बंदूक दिलीत. ज्यांना शिकवणाऱ्याची लाज वाटते, त्यांना मी काय म्हणू?”

इथं त्या थांबल्या. तो शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. मी शपथेवर सांगते. पण ‘विमान’ आणि ‘बंदूक’ एवढंच ऐकू आलेल्या एका कार्यकर्त्यानं मूठ वर केली आणि आरोळी ठोकली, “भारतमाता की...” सगळा मांडव उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या, आणि त्यावर डीजे. बंटीशेठ बाईंच्या पाया पडला. पुढारी म्हणाले, “काय तडफ आहे या वयात!” बाई माइक धरून उभ्या होत्या, ओठ हलत होते, आणि त्यांचा शब्द दणदणाटात कुठंही पोचत नव्हता. मला त्या दिवशी सगळ्या गावाची घृणा आली. आजही येते. वाईट माणसांची येते तशी नाही. मन लावून, प्रेमानं घाण करणाऱ्या भल्या माणसांची येते तशी.

त्यानंतर सात-आठ महिने बाईंनी वारज्याचं नाव काढलं नाही. गच्चीतही जाईनाशा झाल्या. शेजारणीनं मला सांगितलं, जिन्यात थुंकलं तरी बाई आता काही बोलत नाहीत. ते ऐकून मी घाबरले. पावसाळा संपत आला तेव्हा फोन आला.

“मोघे, जुना रंग खरवडून न काढता, खाली अस्तर न देता वरून ऑइलपेंट मारला, तर काय होतं?”

“पावसाळ्यात पोपडे धरतात, बाई. नख लावलं तरी निघतं.”

“चला मग.”

ती आमची शेवटची खेप. हिवाळा संपायच्या आत बाई गेल्या. पण मला त्या आठवतात त्या वारज्याच्या बागेतल्या, त्या सकाळच्या.

एका पंखाखालचा पाइप गळून गवतात पडला होता. हिरव्या रंगाला फोड आले होते, काही फुटले होते. बाईंनी पर्समधून नॅपकिनची गुंडाळी काढली. मला वाटलं, कप. निघालं उलथनं. पंखाच्या मागून त्या विमानाच्या कुशीशी गेल्या, वर मागची सीट येते त्याच्या बरोबर खाली, आणि खरवडायला लागल्या. सुरुवातीला उलथन्यानं, मग ते जमेना तेव्हा नखांनी. तिथं पिचकारीचे डाग होते. कुंकवाचा राप होता, कशाकशाचं काय काय होतं. मी रुमाल पुढे केला. त्यांना दिसलाच नाही. डाव्या हाताचा तळवा विमानाला टेकवून, उजव्यानं त्या एकेक पोपडा काढत होत्या. हळूहळू पोळपाटाएवढा पिवळा तुकडा उघडा झाला. जुना, फिका, पण पिवळा.

पहारेकरी काठी आपटत आला. “ओ आजी! काय चाललंय?”

“फळा पुसतेय,” बाई न वळता म्हणाल्या. “कुणीतरी घाण करून ठेवलाय.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली, कशासाठी ते मलाही ठाऊक नाही. मग तो गळून पडलेला पाइप उचलून, “हे आमच्या पाण्याला उपयोगी पडंल,” म्हणत घेऊन गेला.

हात पोचेनासा झाला तेव्हा बाई थांबल्या. शेपटीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही पंखांकडे बराच वेळ बघत राहिल्या. “आता बरे आहेत खांदे,” म्हणाल्या.

परतताना बसला गर्दी होती. बसायला जागा मिळाली नाही. बाईंनी दांडा धरला. रुमाल पर्समध्ये होता, पर्स बंद होती. उघड्या हातानं, मुठीनं घट्ट धरला होता. नखं हिरवीगार, आणि एका नखाच्या कडेला पिवळ्याचा एक कण.

मी हळूच म्हटलं, “बाई, रॉकेलनं निघतं.”

त्यांनी हात डोळ्यांजवळ नेऊन नखांकडे बघितलं.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “एवढ्यात नको.”